गाण्याचा सातबारा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या दांडिया बाजारातील जुन्या घरी सारे कुटुंब जमले होते. फराळ आटोपल्यावर आमच्या पुतणीने आम्हांला माडीवर बोलावून घेतले. ही मुलगी बडोद्याच्या संगीत महाविद्यालयाची पदवीधर. गेली सहा वर्षे एका बँकेत नोकरी करते आणि पहाटेचा रियाज एक दिवस चुकवीत नाही. ती म्हणाली, "काका, नोकरी सोडून केवळ गाण्यावर राहावं असं फार मनात आहे. तुम्ही जन्मभर लोकांचे हिशेब पाहिलेत. आता गाणं तबकडीवर नाही, कॅसेटवर नाही, नुसतं फोनमध्ये येतं. अशा दिवसांत गाणाऱ्याचं पोट भरेल का?"

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या आम्हांला या प्रश्नाचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. जमिनीचा प्रश्न असता तर आम्ही आधी सातबारा मागितला असता. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेले असते, नमुना बारामध्ये तीत पीक काय निघाले ते. ही दोन्ही पाने एकत्र वाचल्याखेरीज शेतकऱ्याची स्थिती कळत नाही. गाण्याचे पीक काढणारा गायक आम्ही आयुष्यभर ऐकला. पण त्याचा नमुना सात कोणाच्या नावावर असतो, हे कधी पाहिले नव्हते. ते पाहावे, या हेतूने मागील शंभर-सव्वाशे वर्षांचे दप्तर उघडले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ आमच्याच गावापासून केला पाहिजे. गायकवाडी अमलात बडोद्यास गवई, वादक, नर्तकी यांच्या व्यवस्थेसाठी 'कलावंत कारखाना' नावाचे स्वतंत्र खाते होते. कलावंताला वेतन होते, हजेरी होती, नियमही होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू केली. आमची पुतणी जेथे शिकली ते महाविद्यालय त्याच शाळेचा विस्तार होय. उस्ताद फैयाज खाँसाहेब याच दरबारचे गवई. आमचे आजोबा त्यांचे गाणे ऐकून आले की दोन दिवस घरात दुसरा विषय काढू देत नसत, असे आम्ही वडिलांकडून ऐकले आहे. त्या व्यवस्थेत गाण्याच्या मालकीचा प्रश्न उद्भवतच नव्हता. गाणे गायिले की हवेत विरत असे आणि गवयाला महिन्याअखेर पगार मिळत असे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९५० रोजी, खाँसाहेब बडोद्यातच निवर्तले. एका युगाचे दप्तर तेथे बंद झाले.

पण त्या युगाला शह देणारी वस्तू अर्धशतक आधीच आली होती. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तासभर विस्तारणारा राग सुमारे तीन मिनिटांत बसवणे भाग होते. मुद्रण येथे होई आणि तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. ते नाव आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. पुढे त्यांनी शेकडो गाणी मुद्रित केली आणि त्यांची कीर्ती देशभर झाली. तरीही उतारवयात, १९२८ मध्ये, त्यांना म्हैसूर दरबारची नोकरी धरावी लागली आणि १७ जानेवारी १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. यंत्रयुगातील या पहिल्या मोठ्या गायिकेचा शेवट जुन्याच आश्रयाखाली व्हावा, ही गोष्ट आम्हांला फार सूचक वाटते. तबकडीने त्यांना नाव दिले. म्हातारपणाची भाकरी दिली नाही.

याच काळातील दोन गवयांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोघांचाही बडोद्याशी संबंध. कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले येथेच फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. तरीही १९२२ मध्ये बुवा गेले तेव्हा त्यांचे गाणे संपले नाही. ते बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्या गळ्यांत राहिले, आणि १९११ मध्ये पुण्यास त्यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज मागे उरला. दुसरे अब्दुल करीम खाँसाहेब. हे तरुणपणी बडोदे दरबारी होते. ताराबाई माने यांच्यासह त्यांनी बडोदे सोडले, आणि त्यांची कन्या हिराबाई पुढे बडोदेकर म्हणूनच प्रसिद्ध झाली. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या आणि त्यांतील झिंझोटीची ठुमरी आजही घरोघर ऐकली जाते. पण त्यांचा निर्वाह चालला तो विद्यालयावर आणि गावोगावच्या मैफलींवर. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. अखेरच्या दिवसापर्यंत ते मैफलीच्याच वाटेवर होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात आली. ध्वनिमुद्रण हे गायकाचे मुख्य उत्पन्न बहुतेकांच्या बाबतीत कधीच नव्हते. ते त्याचे नाव दूरच्या गावी नेई. त्या नावामागून बोलावणे येई. आणि बोलावण्यातून बिदागी. तबकडीचा नमुना सात मात्र कंपनीच्या नावावर असे.

येथे आमच्या जुन्या खात्यातील एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आमच्या बडोद्यातही, कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्याच १९५७ साली संसदेने प्रताधिकाराचा कायदा संमत केला. त्यात ध्वनिमुद्रणाची मालकी ते काढणाऱ्याकडे गेली. गाणाऱ्याला स्वतंत्र हक्क काहीच मिळाला नाही. जमीन कसणाऱ्याला ज्या वर्षी न्याय मिळाला, त्याच वर्षी गाणे कसणारा कोरडा राहिला. साठीच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकालाही स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत वेगळे होते, आणि त्या वादापायी दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले, हे रसिकांच्या स्मरणात असेल. तेव्हा तो दोघांचा रुसवा म्हणून चर्चिला गेला. खरे पाहता तो सातबाऱ्याचाच वाद होता. आपल्या कायद्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क प्रथम मान्य केला तो १९९४ च्या दुरुस्तीने.

यानंतर कॅसेटचे युग आले, आणि येथे आम्हांला इतिहासकाराची जागा सोडून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे प्राप्त आहे.

कॅसेटने पुष्कळ भले केले. एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. तबकडीच्या काळात ज्यांना दार उघडले नसते असे लोकगायक, भजनी, शाहीर घरोघर पोचले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेड्यापाड्यांत गेला तो या फितीवरूनच. परंतु जी वस्तू मुद्रित करणे सोपे, तिची नक्कल करणेही सोपे. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो. बडोद्यात एका थोर बुवांची मैफल होती. आम्ही लहानसा टेपरेकॉर्डर शालीखाली दडवून नेला आणि बुवांचा मारवा आरंभापासून अखेरपर्यंत टिपला. पुढे त्या फितीच्या तीसेक प्रती करून मित्रांना वाटल्या, आणि आपण संगीताची सेवा केली अशा समाधानात राहिलो. कित्येक वर्षांनी बुवांचे एक शिष्य भेटले. बोलता बोलता म्हणाले, "त्या मारव्याची कॅसेट काढायचं एका कंपनीनं बुवांशी बोललं होतं. गावात ती घरोघर आहे असं कळलं, आणि बेत राहिला." ते शिष्य आमच्याविषयी बोलत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही मान खाली घालून चहा संपवला.

आज इंटरनेटवरील फुकट गाण्यांविषयी आमच्या पिढीतील मंडळी तरुणांना दोष देतात तेव्हा आम्हांला तो चहा आठवतो. जे त्यांनी केले तेच आम्ही केले होते. आमचे यंत्र संथ होते, एवढाच काय तो फरक.

ते यंत्र वेगवान कसे झाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाचा आवाज साठवण्यास १४,११,२०० अंक-अंश लागतात. एवढा बोजा दूरध्वनीच्या तारेवरून नेणे नव्वदीच्या दशकात अशक्यप्राय होते. जर्मनीत एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाच्या मर्यादेचा उपयोग करून घेतला. ढोल वाजत असता शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवावीच कशाला? असे जे जे कानाला जाणवणार नाही ते गाळले असता सेकंदाला १,२८,००० अंश, म्हणजे मुळाच्या अकराव्या हिश्श्याइतके, पुरू लागले. हाच 'एमपी थ्री'. गंमत अशी की, ही पद्धत पारखताना त्यांना सर्वांत अधिक छळले ते सुझान वेगा या गायिकेच्या साथीविना गायिलेल्या एका गीताने. वाद्यमेळात लपणारे दोष एकट्या मानवी गळ्यापुढे उघडे पडत. आपल्या गवयांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेत 'नॅपस्टर' आले आणि कोट्यवधी लोक एकमेकांच्या संगणकांतून गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. न्यायालयाच्या आदेशांनी २००१ मध्ये ते बंद पडले, पण सवय गेली नाही. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने गाण्यांचे दुकान इंटरनेटवर उघडले. दोन लाख गाणी, प्रत्येकाची किंमत ९९ सेंट. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. लोक पैसे देण्यास तयार आहेत, हे सिद्ध झाले. मात्र त्या ९९ सेंटांपैकी सुमारे सत्तर ध्वनिमुद्रण कंपनीकडे जात आणि गायकाला काय मिळावे हे त्याच्या जुन्या करारावर ठरे. दुकान बदलले होते. सातबारा तोच होता.

आमच्या पुतणीचा प्रश्न सुटण्याची वाट येथे दिसू लागते. कारण याच काळात काही कलावंतांच्या ध्यानात आले की, गाणे श्रोत्यापर्यंत नेण्यास आता कारखाना, गोदाम, वितरक यांची गरज नाही. मग नमुना सातवर आपलेच नाव का नसावे? जोनाथन कोल्टन हा न्यूयॉर्कमधील संगणकाच्या नोकरीत असलेला गृहस्थ. त्याने २००५ मध्ये नोकरी सोडली आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर बावन्न गाणी रचून इंटरनेटवर ठेवली. लोकांनी ती ऐकली, एकमेकांना दिली, काहींनी विकत घेतली, आणि पुढे त्याच्या कार्यक्रमांना तिकिटे काढून आले. तबकडीने जे काम गौहरजान यांच्यासाठी केले तेच डाउनलोडने येथे केले. फरक इतकाच की शेताचा मालक तो स्वतः होता.

त्याहून विचार करण्याजोगे उदाहरण मारिया श्नायडर यांचे. या जॅझ संगीतातील रचनाकार. मोठ्या वाद्यवृंदाचे मुद्रण फार खर्चिक. त्यांनी 'आर्टिस्टशेअर' या नव्या योजनेत आपल्या श्रोत्यांनाच आधी पैसे भरण्याचे आवाहन केले आणि त्या बदल्यात रचना कशी घडते ते त्यांना दाखवले. त्यातून २००४ मध्ये 'कॉन्सर्ट इन द गार्डन' हा संग्रह निघाला. तो दुकानांत विक्रीस नव्हताच, केवळ इंटरनेटवरून मिळे. २००५ मध्ये त्यास ग्रॅमी पुरस्कार लाभला. दुकानात न विकलेल्या संग्रहास हा मान प्रथमच मिळाला. गोष्ट येथे संपली असती तर सुखान्त झाली असती. पण याच बाई २०१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देण्यास गेल्या आणि आपले संगीत इंटरनेटवर बिनपरवाना पसरवले जाते, ते हटवता हटवता कलावंत थकून जातो, असे त्यांनी तेथे मांडले. आमच्या भाषेत सांगायचे तर, सातबारा नावावर झाला. अतिक्रमण मात्र थांबले नाही.

आपल्याकडे हीच वाट २००३ मध्ये शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी धरली. त्यांच्या 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स'ने कलावंतांनी स्वतः काढलेली ध्वनिमुद्रणे इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत नेण्याची सोय केली. पण एकंदर भारतात डाउनलोडचे दुकान उशिरा उघडले आणि लवकर ओस पडले. आपल्याकडे पैसे आधी आले ते मोबाइलच्या कॉलर ट्यूनमधून, आणि त्यांतील मोठा वाटा मोबाइल कंपन्यांनी ठेवला. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये गाणी विकण्यास प्रारंभ केला आणि जून २०१३ मध्ये ते काम गुंडाळले. ॲपलचे दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आले, तोवर जगाचे वारे फिरू लागले होते. याच २०१२ साली कायद्यात मात्र मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू मांडली होती. गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा हक्क विकून टाकता येणार नाही असे ठरले आणि गायक-वादकांनाही व्यापारी वापरातील वाट्याचा हक्क मिळाला. त्या आधारे २०१३ मध्ये गायकांची संस्था उभी राहिली. कूळकायदा गाण्याला लागू होण्यास पंचावन्न वर्षे लागली, असे आम्ही म्हणतो.

आणि त्याच सुमारास डाउनलोडच मागे पडले. डाउनलोड म्हणजे खरेदीखत. गाणे तुमच्या संगणकात कायमचे येई. आता आले ते 'स्ट्रीमिंग', म्हणजे भाडेपट्टा. २००८ मध्ये स्वीडनमधून सुरू झालेली स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. तत्पूर्वीच येथील कंपन्यांनी हा रिवाज पाडला होता. ज्या आयपॉडने डाउनलोडला घरोघर नेले त्याचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. या नव्या व्यवस्थेत श्रोत्यांकडून व जाहिरातींतून आलेला पैसा ऐकल्या गेलेल्या आवर्तनांच्या प्रमाणात वाटला जातो. तीन मिनिटांचे चित्रपटगीत दिवसातून वीस वेळा ऐकले जाते. पन्नास मिनिटांचा दरबारी कोणी महिन्यातून एकदा ऐकतो, आणि तेही एकच आवर्तन. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने, ज्या गाण्याची मागील वर्षभरात हजार आवर्तने झाली नाहीत त्यास मोबदला नाही, असा नियम केला आहे. १९०२ मध्ये रागाला तीन मिनिटांत कोंबणारे यंत्र होते. आज तेच काम हिशेबाची पद्धत करू पाहते.

असे हे दप्तर वाचून आम्ही पुतणीला बोलावले. आम्ही तिला होय किंवा नाही असे उत्तर दिले नाही; हिशेब मांडून दाखवला. मुद्रित गाण्यावर पोट भरेल असे मानू नये. ते दवंडी आहे, पीक नव्हे. पीक निघेल ते मैफलीतून, शिकवण्यातून, आणि नावाने ओळखता येतील अशा दोन-तीनशे श्रोत्यांतून. भास्करबुवांनी शिष्य घडवले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी विद्यालय काढले व रेल्वेगाड्या बदलल्या, श्नायडरबाईंनी श्रोत्यांना भागीदार केले. उपाय निरनिराळे दिसले तरी मूळ एकच. आणि कितीही लहान करार असो, त्यावर सही करण्यापूर्वी नमुना सात वाचावा. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे काका, उरलेलं श्रोत्यांच्या हातात?" आम्ही म्हटले, होय. आणि त्या श्रोत्यांत आम्हीही आलो.

तिने अद्याप नोकरी सोडलेली नाही. दोन वर्षे पुरेल इतकी शिल्लक झाली की सोडीन, म्हणते. मात्र मागील महिन्यात तिने स्वतःच्या खर्चाने पाऊण तासाचा पूरिया मुद्रित केला. मुद्रणगृहाच्या कागदावर मालकाचा रकाना कोरा होता. त्यात तिने आपले नाव घातले आणि साथीदारांचा वाटाही तेथेच लिहिला. आम्ही त्याची पहिली प्रत किंमत मोजून घेतली. तिने पैसे घेण्यास आढेवेढे घेतले, पण आम्ही ऐकले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या कपाटातील ती जुनी मारव्याची फीत आम्ही बाहेर काढली. बुवा आता नाहीत. त्यांचे चिरंजीव पुण्यास असतात. आम्ही स्वतः जाऊन ती त्यांच्या हाती दिली आणि ती आमच्याकडे कशी आली तेही सांगितले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग आत जाऊन फीत वाजवण्याचे जुने यंत्र आणले. ते चालू स्थितीत होते.